लोकापवाद आणि अपत्याची साक्ष : चित्रतारकांच्या मुलांच्या कथनाविषयी काही निरीक्षणे

‘लोकापवाद’ हा शब्द भारतीय साहित्यपरंपरेत सीतात्यागाच्या प्रसंगाशी कायमचा जोडला गेला आहे. या प्रसंगाची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे राम आणि सीता यांच्याकडे जाते. त्या लोकापवादाच्या छायेत जन्मलेली आणि वाढलेली दोन मुले मात्र बहुधा कथेची पूर्तता करणारी पात्रे म्हणूनच पाहिली जातात. वास्तविक उत्तरकांडाची सारी रचना या मुलांच्या कथनावर उभी आहे. ज्या सभेने आईला दूर केले त्याच सभेत मुले आईची कथा गातात. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, तेव्हा त्यानेही हीच चौकट स्वीकारली. म्हणूनच मराठी श्रोत्याच्या कानात रामकथा वसली आहे ती कुश-लवांच्या तोंडून.

या चौकटीत एक गोष्ट दडलेली आहे. मुले जे गातात ते त्यांनी रचलेले नाही. ते वाल्मीकींनी त्यांना शिकविले आहे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त तर आपण कोणाची मुले आहोत हेही त्यांना ठाऊक नसते. म्हणजे लोकापवादाची झळ लागलेले अपत्य साक्षीदार म्हणून उभे राहते, पण साक्षीचे शब्द दुसऱ्याचे असतात. विसाव्या शतकात राजसभेची जागा वृत्तपत्र, चित्रपटगृह आणि न्यायालय यांनी घेतली. त्यानंतर या अपत्याचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी चार प्रकरणे विचारात घेतली आहेत : हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’, त्यावर आधारलेला ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट, अमेरिकन अभिनेत्री लाना टर्नर यांची कन्या शेरिल क्रेन यांचे आत्मकथन, आणि शोभना समर्थ यांची कन्या नूतन यांचे चरित्र. ही प्रकरणे एकमेकांसारखी नाहीत. तरीही बालपणी ओढवलेल्या लोकापवादानंतरचे आयुष्य म्हणजे बऱ्याच अंशी आपल्या कथेवरचा आपला अधिकार परत मिळविण्याची, किंवा तो मुद्दाम न बजावण्याची, प्रक्रिया असते, हे त्यांच्या तौलनिक वाचनातून दिसून येते.

१. आईचे निवेदन

हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांचे आत्मकथन प्रथम ‘माणूस’मधून वाचकांसमोर आले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी ख्यातनाम झालेल्या अरुण साधू यांनी त्याचे शब्दांकन केले होते. पुस्तकाचे नाव अनंत माने यांच्या १९५९ सालच्या गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेले आहे. या नावातच एक सांगणारी आणि एक ऐकणारा गृहीत आहे. ‘सांगत्ये’ हे बोलीतले स्त्रीलिंगी रूप आणि ‘ऐका’ हे आज्ञार्थी आवाहन यांमुळे वाचकाला पहिल्या पानापासूनच श्रोत्याची जागा दिली जाते.

या आत्मकथनातील पहिले लोकापवादग्रस्त मूल म्हणजे स्वतः निवेदिका. रतन साळगावकर या मुलीने चित्रपटात पाऊल टाकले तेव्हा घराचे नाव बाजूला ठेवून तिने ‘हंसा वाडकर’ हे नाव घेतले. ‘विजयाची लग्ने’ हा तिचा पहिला चित्रपट १९३६ साली आला. तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती. घर चालविण्यासाठी मुलीची कमाई लागत होती, आणि त्याच कमाईमुळे मुलीचे नाव झाकण्याची गरज भासत होती. मूल कमावते, पण त्याने कमावलेल्या पैशावर आणि नावावर त्याचा अधिकार नसतो, हा या आत्मकथनाचा पाया आहे. विवाहानंतरही तो बदलत नाही. संसार करावा, काम सोडावे ही तिची इच्छा. आणि काम चालू राहावे हा पतीचा आग्रह. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत सखू’ (१९४१) किंवा ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) यांसारख्या चित्रपटांमधील यश या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्या यशाची किंमत समजते.

दुसरे मूल म्हणजे हंसाबाईंची कन्या. घर सोडून गेल्यानंतर मराठवाड्यातील एका गावात, एका गृहस्थाची तिसरी पत्नी म्हणून घराच्या भिंतींआड काढलेली सुमारे तीन वर्षे, तेथून झालेली सुटका आणि त्या सुटकेच्या वेळी एका अधिकाऱ्याकडून झालेला अत्याचार हा पुस्तकातील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग आहे. स्त्रीवादी समीक्षेने त्याचे महत्त्व योग्य रीतीने अधोरेखित केले. मात्र त्या तीन वर्षांचा आणखी एक हिशेब आहे. नायिका असलेली आई अचानक दिसेनाशी झाली, तेव्हा तिची लहान मुलगी मागे राहिली. या मुलीचे आईवाचूनचे दिवस निवेदनाच्या कक्षेत येतात ते आईच्या आठवणीतून आणि आईच्या अपराधभावनेतून. मुलगी तेथे आहे. परंतु ती आईच्या दुःखाचा विषय म्हणून आहे. बोलणारी व्यक्ती म्हणून ती तेथे नाही.

हा हंसाबाईंच्या निवेदनाचा दोष मानण्याचे कारण नाही. आत्मकथनाच्या प्रकाराचीच ती मर्यादा आहे. मराठीतील अन्य अभिनेत्रींची आत्मकथने पाहिली तरी हेच आढळते. लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’ (१९८१) आणि दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) ही दोन्ही सुशिक्षित, पांढरपेशा घरांतून आलेल्या स्त्रियांची आत्मकथने आहेत. ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटातील छोट्या भूमिकेमुळे दुर्गाबाईंना समाजाचा रोष पत्करावा लागला. अशा वेळी पदरी असलेली मुले हे काम करण्याचे सर्वांत सबळ आणि समाजमान्य कारण ठरते. मुलांसाठी पडद्यावर जावे लागले, असे म्हटले की पडद्यावर जाण्याचा डाग पुसट होतो. अर्थात हे कारण खरेच होते, त्याविषयी शंका नाही. तथापि निवेदनाच्या पातळीवर मुलांकडे येणारे काम एकच : आईच्या वर्तनाचे समर्थन. हंसाबाई हे समर्थन वापरीत नाहीत. मुलगी मागे राहिली ही गोष्ट त्या झाकीत नाहीत आणि सजवीतही नाहीत. म्हणूनच त्यांच्या पुस्तकात मुलीचे मौन इतरांपेक्षा अधिक ऐकू येते.

२. पटकथेतील मुलगी

श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ १९७७ साली प्रदर्शित झाला. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांची. या पटकथेला आणि स्मिता पाटील यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाईंचे आयुष्य येथे ‘उषा’ या पात्राला मिळाले, आणि कन्येचे ‘सुषमा’ झाले. माध्यमांतराच्या अभ्यासात पटकथेने काय गाळले याची यादी केली जाते. येथे मात्र पटकथेने काय जोडले हे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण मूळ आत्मकथनातील मौन भरून काढण्यासाठी चित्रपटाने दोन गोष्टी केल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे काळे यांच्या वाड्यातील मुलगा. स्वतःच्या मुलीपासून दुरावलेली उषा तेथे दुसऱ्या स्त्रीच्या मुलाला जीव लावते. त्या मुलाला घेऊन जत्रेला जाण्याची साधी इच्छा तिला नाकारली जाते आणि त्या नकारातून तिला आपण बंदिवासात असल्याची जाणीव होते. म्हणजे नायिकेच्या बंधनाचा साक्षात्कार एका मुलाच्या निमित्ताने होतो. परंतु ते तिचे मूल नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटी परत येणारी सुषमा. ती आता मोठी झाली आहे, विवाहित आहे, गरोदर आहे. आईने आपल्याकडे येऊन राहावे असे ती सुचविते आणि उषा ते नाकारते. या प्रसंगात मुलगी तक्रार करीत नाही, जाब विचारीत नाही. ती जागा देऊ करते. प्रेक्षकाला त्यातून एक दिलासा मिळतो : मूल सावरले, त्याचा संसार मांडला गेला, आईवर त्याचा राग नाही.

हा दिलासा नेमका कोणाला हवा आहे, असा प्रश्न विचारावयास हवा. पटकथेतील सुषमा ही तीन लेखकांनी घडविलेली आहे, आणि ती आईच्या एकटेपणाच्या निर्णयाला उठाव देण्यासाठी तेथे आली आहे. आई मुलीकडे न जाता एकटी राहते. स्वातंत्र्याचा हा कटू अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचावा यासाठी मुलीचे क्षमाशील असणे आवश्यक ठरते. मुलगी रागावलेली असती तर उषाचा नकार स्वाभिमानाचा न वाटता नाइलाजाचा वाटला असता. लव-कुशांप्रमाणे सुषमाही दुसऱ्याने दिलेले शब्द बोलते. फरक एवढाच, की वाल्मीकींनी मुलांना आश्रमात वाढविले होते. पटकथाकारांना तो संबंध नव्हता आणि असण्याची अपेक्षाही नाही.

या कल्पित मुलीचा प्रभाव किती दूरवर पोहोचतो, हे महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाचा विचार केला की ध्यानात येते. बेंगळुरूचे उदाहरण घेता येईल. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि मराठी भाषेचा तेथील वावर तेव्हापासूनचा आहे. जुन्या पेटेतील चिकपेटसारख्या कापड-रेशमाच्या बाजारात कन्नड, तमिळ, तेलुगू, मारवाडी यांच्या जोडीने मराठीही बोलली जाते. घरात मराठी बोलणारा, पण शाळेत कन्नड किंवा इंग्रजी शिकलेला तेथील वाचक ‘सांगत्ये ऐका’पर्यंत मूळ मराठीतून पोहोचण्यापूर्वी हिंदी ‘भूमिका’पर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक. जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांनी केलेला पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद तर २०१३ साली आला, म्हणजे चित्रपटानंतर छत्तीस वर्षांनी. या मधल्या काळात कित्येकांच्या मनात हंसाबाईंची मुलगी म्हणजे सुषमा, असे समीकरण तयार झाले असल्यास नवल नाही. मूळ संहिता, तिचे माध्यमांतर आणि तिचा अनुवाद ज्या क्रमाने भेटतात त्यावर अपत्याची प्रतिमा अवलंबून राहते. एका हयात व्यक्तीची जागा तिच्या कल्पित प्रतिमेने घ्यावी, ही गोष्ट केवळ स्वीकृतिशास्त्राच्या कुतूहलाची नाही.

३. जबाब देणारी मुलगी

अपत्याने स्वतः तोंड उघडले तर काय घडते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील एका प्रकरणाकडे वळावे लागते. ४ एप्रिल १९५८ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे अभिनेत्री लाना टर्नर यांच्या घरात त्यांचा प्रियकर जॉनी स्टॉम्पानाटो सुरीच्या घावाने मरण पावला. तो आईला धमकावीत असताना हा घाव लाना यांची चौदा वर्षांची मुलगी शेरिल हिने घातला होता. आठवडाभरात झालेल्या मृत्यूच्या चौकशीत लाना यांनी साक्ष दिली आणि हे कृत्य समर्थनीय असल्याचा निर्णय पंचांनी दिला. शेरिल स्वतः त्या चौकशीत साक्षीला उभी राहिली नाही. खटला असा उभा राहिलाच नाही. मात्र बालन्यायालयाने तिचा ताबा आजीकडे सोपविला.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले. शेरिलचे त्यानंतरचे आयुष्य मात्र या निर्णयाने सुटे झाले नाही. आईच्या साक्षीचे वर्णन वृत्तपत्रांनी तिच्या कारकिर्दीतील श्रेष्ठ अभिनय म्हणून केले. म्हणजे मुलीच्या आयुष्यातील सर्वांत भयंकर प्रसंग आईच्या अभिनयकौशल्याचा पुरावा बनला. खरा घाव आईनेच घातला आणि मुलीने तो आपल्या अंगावर घेतला, अशी वदंता पुढे अनेक वर्षे चालू राहिली. १९५९ साली डग्लस सर्क यांचा ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ प्रदर्शित झाला. त्यात लाना टर्नर यांनी कामापायी मुलीपासून दुरावलेल्या अभिनेत्रीची भूमिका केली आणि आईच्याच प्रियकराकडे ओढल्या जाणाऱ्या मुलीचे पात्रही त्यात होते. चित्रपटाला प्रचंड यश मिळाले. १९६२ साली हॅरॉल्ड रॉबिन्स यांनी या घटनेशी उघड साधर्म्य असणारी कादंबरी लिहिली आणि १९६४ साली तिच्यावरही चित्रपट निघाला. एका अल्पवयीन मुलीचा अनुभव अशा रीतीने सहा वर्षांत साक्ष, अफवा, चित्रपट, कादंबरी आणि पुन्हा चित्रपट अशा पाच रूपांतून फिरला. यांपैकी एकही रूप तिचे नव्हते.

प्रत्यक्षात त्या वर्षांत शेरिल मुलींच्या सुधारगृहात होती. तेथून ती पळून गेली आणि पुढे कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयातही तिला राहावे लागले. नंतर तिने वडिलांच्या उपाहारगृहाच्या व्यवसायात काम केले, हवाईमध्ये घरजमिनीच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय केला आणि एका स्त्रीशी आयुष्यभराचे साहचर्य जोडले. या साऱ्यात बातमी होण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि हेच त्या आयुष्याचे यश होते. ‘डीटूर’ हे तिचे आत्मकथन १९८८ साली, घटनेनंतर तीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. लाना यांचे आत्मचरित्र त्यापूर्वी १९८२ साली आले होते. आईचे निवेदन आधी आणि मुलीचे नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

‘डीटूर’मध्ये शेरिल दोन गोष्टी करते. घाव आपणच घातला हे ती निःसंदिग्धपणे सांगते. तीस वर्षे लोक तिला अपराधातून मोकळे करू पाहत होते, पण त्याची किंमत म्हणून तिचे कृत्य तिच्यापासून हिरावून घेत होते. ते कृत्य ती परत मागते. लोकापवादात निर्दोषत्व सिद्ध करण्याची धडपड आपल्याला परिचित आहे. येथे मात्र स्वतःच्या आयुष्यातील कर्तेपण परत मिळविण्यासाठी मुलगी जबाबदारी स्वीकारते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एका सावत्र वडिलांकडून बालपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ती त्या पुस्तकात सांगते. जगाच्या लेखी १९५८ ची रात्र हा तिच्या आयुष्याचा आरंभबिंदू होता. तिच्या निवेदनात तो तसा राहत नाही. जगाला माहीत असलेल्या घटनेच्या आधी, जगाला माहीत नसलेली दुसरी घटना उभी राहते. समाज ज्याला मुलाचा लोकापवाद म्हणतो तो मुलाच्या खऱ्या जखमेच्या जागीच असतो असे नाही. हे सांगणे मुलालाच शक्य असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ‘डीटूर’ही क्लिफ जार या सहलेखकाच्या मदतीने लिहिलेले आहे, जसे ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंच्या शब्दांकनातून आले. दुसऱ्याच्या हाताने लिहिले गेले म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. प्रश्न लेखणी कोणाच्या हातात होती हा नसून, काय सांगावे आणि कोठे थांबावे हे कोणी ठरविले, हा आहे.

४. सीतेची मुलगी

या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे आईच्या पुस्तकातील मौन आणि मुलीने स्वतः दिलेला जबाब यांच्या मध्ये, नूतन यांचे (१९३६–१९९१) उदाहरण येते. विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’मध्ये (१९४३) शोभना समर्थ यांनी साकारलेली सीता देशभर लोकप्रिय झाली. म्हणजे लोकापवादामुळे वनवास भोगणाऱ्या सीतेची पडद्यावरची प्रतिमा आणि या मुलीची आई ही एकच व्यक्ती होती. पडद्याबाहेर शोभनाबाई आणि कुमारसेन समर्थ विभक्त झाले आणि अभिनेते मोतीलाल यांच्याशी शोभनाबाईंचा असलेला स्नेह चित्रसृष्टीत सर्वांना ठाऊक होता. सीतेच्या प्रतिमेवर प्रेम करणाऱ्या समाजाने या घराकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल हे समजणे कठीण नाही.

अशा घरातील थोरल्या मुलीला आईनेच ‘हमारी बेटी’ (१९५०) या चित्रपटातून पडद्यावर आणले. नावातच नाते जाहीर करणारा हा चित्रपट होता. पुढल्याच वर्षी आलेल्या ‘नगीना’ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले आणि पंधरा वर्षांच्या नायिकेला तिचाच चित्रपट पाहण्यासाठी चित्रपटगृहात प्रवेश मिळाला नाही, अशी आठवण नेहमी सांगितली जाते. ती गमतीची म्हणून सांगितली जात असली, तरी तिच्यात एक विसंगती आहे : ज्या दृश्यात असण्यास मूल चालते, ते दृश्य पाहण्यास मूल चालत नाही. हंसा वाडकर यांच्या तेराव्या वर्षापासून ‘नगीना’पर्यंत चित्रपटव्यवसायाचा मुलींकडे पाहण्याचा दृष्टिकोन फारसा बदललेला नव्हता.

‘सीमा’ (१९५५), ‘सुजाता’ (१९५९), ‘बंदिनी’ (१९६३) या चित्रपटांनी नूतन यांना स्वतंत्र स्थान दिले. १९५९ साली त्यांचा नौदलातील अधिकारी रजनीश बहल यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर आर्थिक व्यवहारांवरून आई आणि मुलगी यांच्यात वितुष्ट आले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि हा दुरावा सुमारे दोन दशके टिकला. पुढे तो मिटला. येथेही मूळ प्रश्न तोच दिसतो : मुलाने कमावलेले कोणाचे? हंसाबाईंनी हा प्रश्न आत्मकथनात मांडला. नूतन यांनी तो न्यायालयात नेला. न्यायालयात जाणे हादेखील साक्ष देण्याचा एक प्रकार आहे. मात्र त्या साक्षीची भाषा हिशेबाची असते. तिच्यात बालपणाचे वर्णन करावे लागत नाही.

नूतन यांनी स्वतःच्या लेखणीने आत्मचरित्र लिहिले नाही. मराठीत त्यांच्याविषयीचे पुस्तक ललिता ताम्हणे यांनी लिहिले. त्यांच्या भूमिकांमध्ये मात्र एक सातत्य आढळते. ‘सीमा’तील गौरी ही चोरीचा खोटा आळ येऊन सुधारगृहात पाठविली गेलेली अनाथ मुलगी आहे. ‘सुजाता’तील नायिका घरात मुलीसारखी वाढूनही मुलगी म्हणून स्वीकारली न गेलेली आहे. ‘बंदिनी’तील कल्याणी खुनाची शिक्षा भोगीत आहे. लोकापवाद सोसणाऱ्या या तिन्ही स्त्रिया फार बोलत नाहीत. या भूमिकांवरून अभिनेत्रीच्या खाजगी आयुष्याचे निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. भूमिका दिग्दर्शक देतो, आणि ‘सुजाता’ व ‘बंदिनी’ ही बिमल रॉय यांची निर्मिती आहे. तथापि तारकेचे अपत्य आत्मकथनाच्या बाहेरही, आपल्या कामातून, अधिकार मिळवू शकते एवढे यावरून म्हणता येते. ‘शोभना समर्थ यांची मुलगी’ ही ओळख हळूहळू उलटली, आणि पुढील पिढीने शोभनाबाईंना ‘नूतन यांच्या आई’ म्हणून ओळखले.

५. कायद्याची भाषा

साहित्याच्या अभ्यासकांना कायद्याची चर्चा येथे अप्रस्तुत वाटण्याची शक्यता आहे. परंतु आत्मकथन आणि खाजगीपणा यांचा संबंध भारतीय न्यायालयाने नेमका एका आत्मकथनाच्या निमित्तानेच तपासला आहे. ‘आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य’ (१९९४) या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध करण्याचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशनपूर्व बंदी नाकारली. त्याच वेळी स्वतःचे कुटुंब, विवाह, मातृत्व, अपत्यजन्म आणि शिक्षण यांविषयीचा खाजगीपणा जपण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे आणि सार्वजनिक दस्तऐवजांवर आधारित मजकूर हा त्याला अपवाद आहे, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. बेंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे जाहीर केले. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ अन्वये कायद्याशी संघर्ष झालेल्या वा संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे. शेरिल क्रेनसारखे प्रकरण आज भारतात घडले तर त्या मुलीचे नाव छापणे गुन्हा ठरेल.

असे असले तरी कायदा एका ठिकाणी थांबतो. मातृत्वाविषयीचा खाजगीपणा हा आईचा अधिकार असेल, तर मातृत्वाविषयी बोलण्याचा अधिकारही तिचाच आहे. मात्र त्या मातृत्वाच्या कथेत दुसरी व्यक्ती अपरिहार्यपणे असते. आई स्वतःची कथा सांगते तेव्हा ती मुलीचीही कथा सांगत असते, आणि मुलीची संमती घेण्याचे वय त्या वेळी आलेले नसते किंवा निघून गेलेले असते. हंसाबाईंना गप्प बसविणे हा यावरचा उपाय नव्हे. ज्या स्त्रीचे नाव, कमाई, शरीर या साऱ्यांवर दुसऱ्यांनी हक्क सांगितला तिला निदान सांगण्याचा हक्क असावा, याविषयी दुमत होऊ नये. आईचा सांगण्याचा हक्क आणि मुलीचा न सांगितले जाण्याचा हक्क हे दोन्ही खरे आहेत आणि ते एकमेकांत विरघळत नाहीत. ही गाठ न्यायालयात सुटणारी नाही; ती वाचनाच्या पद्धतीत येते.

६. वाचकाची जबाबदारी

वरील चार प्रकरणांवरून अपत्याच्या साक्षीच्या चार अवस्था वेगळ्या करता येतात. पहिल्या अवस्थेत अपत्य आईच्या निवेदनात असते, पण बोलत नाही. दुसऱ्या अवस्थेत कलाकृती त्याला शब्द देते आणि ते शब्द त्याचे मानले जातात. तिसऱ्या अवस्थेत ते स्वतः जबाब देते आणि जगाने ठरविलेला घटनाक्रम बदलून टाकते. चौथ्या अवस्थेत ते कथनाच्या बाहेर राहून कामाने आणि हक्काच्या मागणीने आपली जागा घेते. या अवस्था म्हणजे विकासाच्या पायऱ्या नव्हेत. आत्मकथन लिहिणारे अपत्य मुक्त आणि न लिहिणारे अपत्य दबलेले, अशी विभागणी पाश्चात्त्य आत्मचरित्र-समीक्षेत सहज केली जाते. मराठी उदाहरणे तिला आधार देत नाहीत. नूतन यांनी लिहिले नाही, म्हणून त्या पराभूत ठरत नाहीत.

हंसा वाडकर यांच्या कन्येच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. तिचे स्वतःचे निवेदन पुस्तकरूपाने मराठी वाचकापर्यंत आलेले नाही. या अभावाचा अर्थ लावण्याचा मोह अभ्यासकाला होतो. तिला बोलू दिले गेले नाही, तिने क्षमा केली, तिने क्षमा केली नाही, अशी विधाने समीक्षेत सहज उतरू शकतात. आणि ‘भूमिका’ने तर एक उत्तर आधीच तयार करून ठेवले आहे. तथापि दडपलेले मौन आणि निवडलेले मौन यांतील भेद बाहेरून ओळखता येत नाही. जेथे पुरावा नाही तेथे तो भेद न करता थांबणे, ही या प्रकरणी समीक्षेची शिस्त होय. अशा वेळी तौलनिक अभ्यासकाने तीन साधे प्रश्न विचारावेत : हे शब्द कोणाचे आहेत, ते कोणाच्या गरजेसाठी उच्चारले गेले, आणि ज्याच्याविषयी ते आहेत त्याला ते बदलण्याची संधी होती काय?

हे प्रश्न केवळ जुन्या चित्रतारकांपुरते मर्यादित नाहीत. तारकांच्या मुलांची छायाचित्रे आता ती चालू लागण्यापूर्वीच सर्वत्र पोहोचतात, आणि त्यांच्या बालपणीच्या घटनांचे दस्तऐवज त्यांच्या समजुतीच्या वयाआधीच तयार होतात. या मुलांपैकी काही उद्या आत्मकथने लिहितील. बहुसंख्य लिहिणार नाहीत. लिहिणाऱ्यांची पुस्तके अभ्यासली जातीलच. न लिहिणाऱ्यांच्या आयुष्याचे तपशील दुसऱ्यांच्या संहितांमधून गोळा करून ती आयुष्ये पूर्ण केल्याचा आव समीक्षेने आणू नये. हंसाबाईंनी ‘ऐका’ म्हटले ते स्वतःच्या कथेपुरते. मुलीने तसे म्हटलेले नाही, आणि तिची कथा मागण्याचा अधिकार त्या ‘ऐका’मधून वाचकाला मिळत नाही.